हेलकावा

मुकादमाने उजव्या हाताचा ठोसा टांगलेल्या बॉक्सिंगच्या बॅगेवर मारला आणि बॅग मागे जाऊन परत आली तशी दोन्ही हातांनी तिला कवेत धरून थांबवली. ती अगदी स्थिर होईपर्यंत त्याने हात काढले नाहीत. मग एक पाऊल मागे सरकून पुन्हा ठोसा मारला. बॅग गेली, आली. त्याने पुन्हा धरली.

“काका,” मागून आवाज आला, “तुम्ही तिला मारताय, की तिची समजूत काढताय?”

भिंतीशी दोरीच्या उड्या मारणाऱ्या दोघीजणी हसल्या. मुकादम हे नाव त्यांनीच पाडलं होतं. पहिल्या दिवशी हातपट्ट्या बांधायच्या आधीच त्याने वजनं कुठे ठेवावीत आणि चटया कशा रचाव्यात हे सगळ्यांना सांगितलं होतं.

“हलत्या वस्तूवर नेम कसा लागणार, मॅडम?”

“मग समोरचा माणूस काय म्हणणार आहे? ‘थांबा हं काका, मी जरा नीट उभा राहतो, मग मारा’?” शिकवणारी जवळ आली. ती त्याच्या मुलीहून फार मोठी नसावी. “बॅगेला धरायचं नाही. ती परत येणारच. येऊ द्या. तुम्ही बाजूला व्हा.”

त्याने मान हलवली, आणि पुढच्याच ठोशानंतर बॅग धरली.

हा निव्वळ हट्ट नव्हता. लोखंडी तुळया आणि यंत्रांचे खोके क्रेनने उचलायचे, त्या आवारात तो खाली उभा राहून खुणा करायचा. वर केबिनमध्ये बसलेल्या चालकाला जमिनीवरचं काही दिसत नाही, त्याचे हात तेवढे दिसतात. बोट खाली केलं की माल खाली, मूठ मिटली की जिथे आहे तिथे. टांगलेला माल हेलकावे खायला लागला की आवारातले सगळे बोलायचे थांबत. अशा एका तुळईने भिंतीशी चेपलेला माणूस त्याने पाहिला होता. त्यानंतर डोळ्यांसमोर काहीही लोंबतं हललं की त्याचे तळवे आपोआप वर यायचे. घरात दिव्याची वायर पंख्याच्या वाऱ्याने हलली, तरी तो जाता जाता ती धरायचा.

घरात आता हलण्यासारखं तेवढंच होतं. बायको गेल्यापासून जी वस्तू जिथे ठेवावी तिथेच ती सापडत असे. सुरुवातीला त्याला ते बरं वाटलं होतं.

रविवारी सकाळी मुलीचा फोन यायचा. ती दुसऱ्या शहरात नोकरी करायची आणि बॉक्सिंग खेळायची.

“जेवलीस?”

“हो.”

“काय?”

“जेवण, बाबा.”

“खांद्याचं काय झालं? आधी बर्फ, मग शेक. उलटं नको करूस. आणि त्या कुशीवर झोपत जाऊ नकोस.”

“इथे फिजिओ आहेत, बाबा.”

“असतील. त्यांना काय, त्यांना दहाजण बघायचे असतात. तू एक काम कर—”

“मी बघते.”

तिच्याकडे कुणीतरी नळ सोडला. कुणीतरी तिला हाक मारली.

“ठेवू?”

“ठेव.”

फोन ठेवल्यावर तो खिडकीशी बसून राहिला. सांगायचं वाक्य त्याने तयार ठेवलेलं होतं: मी पण शिकतोय. दोन महिने झाले, दर रविवारी ते तयार असायचं. ते म्हणायला बोलण्यात थोडी मोकळी जागा लागली असती, आणि जागा दिसली की ती तोच सूचनांनी भरून टाकायचा.

तिची एकच लढत त्याने पाहिली होती. पहिल्या रांगेत बसला होता. बसला म्हणजे पहिल्या मिनिटानंतर उभाच राहिला. ती मागे सरकली की पुढे जाण्याची खूण, ती पुढे गेली की थांबण्याची. ती हरली. परतताना बसमध्ये ती म्हणाली, “समोरचीचे हात मला दिसलेच नाहीत, बाबा. तुमचेच दिसत होते.” तिच्या आवाजात राग नव्हता. पण त्यानंतर लढत कधी आहे हे तिने सांगितलं नाही. कधी होती, ते लढत झाल्यावरच कळायचं.

त्या मंगळवारी शिकवणारीने त्याचे ग्लोव्ह्ज काढून घेतले.

“हात मागे बांधा.”

“आणि?”

“आणि उभे राहा. आज एवढंच.”

तिने बॅग ढकलली. ती आली आणि त्याच्या छातीवर आदळली. तो अर्धं पाऊल मागे गेला. दुसऱ्यांदा आली तेव्हा पाठीमागे त्याने एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. बॅग खांद्याला घासून गेली.

“कळतंय ना, ती कुठून येणार आहे?”

“कळतंय.”

“मग तिच्या वाटेत कशाला उभे राहताय?”

पुढच्या वेळी तो सरकला. बॅग त्याच्या कानाजवळून गेली, वर साखळी कुरकुरली. ती पलीकडे गेली, वळली, परत आली. त्याने श्वास रोखला होता. कुणालाही काही झालं नाही. दोरीवाल्या दोघी आपसात कुठल्याशा लग्नाबद्दल बोलत होत्या. बॅग येत राहिली, तो सरकत राहिला, आणि हळूहळू हेलकावे लहान होत गेले.

मग शिकवणारीने ग्लोव्ह्ज परत दिले. सरकून मारलेल्या पहिल्या ठोशाचा आवाज वेगळा आला, कोरडा आणि छोटा. दुसराही तसाच. तिसऱ्याला डावा पाय उजव्यात अडकला आणि तो पडता पडता वाचला.

“मॅडम,” तो म्हणाला, “परत एकदा सांगा.”

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश पावलं टाकून दाखवली. त्याने तशीच टाकली आणि पुन्हा अडखळला.

“माझं पाऊल पडतं एवढंसं,” ती म्हणाली. “तुम्ही असे ताडमाड. तुमच्या अंगकाठीचं कुणी खेळणारं आहे का ओळखीत?”

तो ग्लोव्ह्ज काढून दातांनी हातपट्टीचं टोक सोडवत होता.

“मुलगी.”

“खेळते?”

“माझ्याएवढीच उंच आहे.”

“मग तिला विचारा की! माझं डोकं कशाला खाताय?” ती हसली आणि दोरीवाल्या दोघींकडे वळली.

घरी आल्यावर त्याने दिवा लावला, पाणी घेतलं. फोन उचलून बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग लावला.

“बाबा? काय झालं? बरे आहात ना?”

“बरा आहे.”

“मग आज कसा फोन?”

“एक विचारायचं होतं.”

नेहमी यापुढे ज्या सूचना येतात त्यांची ती वाट पाहत असावी.

“विचारा,” ती जपून म्हणाली.

“बॅग परत येते, तेव्हा बाजूला होताना पाय अडकतो. आधी डावा टाकायचा की उजवा?”

“कुणाचा पाय?”

“माझा.”

दार लावल्याचा आवाज आला. तिच्या मागची सगळी बडबड एकदम दूर गेली.

“तुम्ही बॅग मारताय?”

“दोन महिने झाले.”

“आणि मला आज सांगताय?”

त्याच्याकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

“पाय अडकतो,” तो पुन्हा म्हणाला.

ती हसली की नाही, ते त्याला नीट कळलं नाही. “उभे आहात?”

तो खुर्चीवर बसला होता. उठला. “हो.”

“फोन स्पीकरवर टाका. टेबलावर ठेवा. डावा पाय पुढे आहे ना?”

“आहे.”

“ज्या बाजूला जायचं, त्या बाजूचा पाय आधी. दुसरा मागून येतो, पण पहिल्याला चिकटवायचा नाही. दोघांत अंतर तेवढंच ठेवायचं. कळलं?”

“कळलं.”

“आणि त्याच्याही आधी, हनुवटी खाली.”

“खालीच आहे.”

“नाहीये, बाबा.”

टेबलावर फोन उताणा पडला होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

त्याने हनुवटी खाली घेतली.

“आता?” त्याने विचारलं.