गोळीत चाळीस

माझी दोन बोटं गेली त्या दिवशीसुद्धा मी एवढी चिडले नव्हते. त्या दिवशी चिडायला सवडच मिळाली नाही. गेल्या शनिवारी मात्र भरपूर सवड होती, हातात कप होता, आणि तो मी भिंतीवर फेकला. चहासकट. नंतर भिंत मलाच पुसावी लागली, ते वेगळं.

मी कपडे शिवायच्या कारखान्यात कटिंगला आहे. कापडाचे पन्नास-साठ थर एकावर एक अंथरायचे, वर कागदाचा नमुना ठेवायचा आणि तो गठ्ठा फिरत्या पात्यातून हाताने वळवत न्यायचा. एकवीस वर्षं मी ते केलं. हातात पोलादी जाळीचा मोजा असतो. आठ महिन्यांपूर्वी एका दिवशी तो मी काढून ठेवला, कारण माल आजच हवा म्हणून सुपरवायझर डोक्यावर बसला होता आणि मोजा घातला की हात हळू चालतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. लोक अजून विचारतात, दुखलं का हो? आता यावर काय सांगणार, कपाळ!

त्यानंतर दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. आमचे हे बस चालवतात. ते ड्यूटीवरून यायचे, उशाशी बसायचे, मी हूं की चूं करायचे नाही. मग एक दिवस माझा धाकटा भाऊ आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, आणि चालत्या वस्तूला हात लावल्याशिवाय त्याला राहवत नाही म्हणून सगळे त्याला खटपट्या म्हणतात. त्याच्या बगलेत एक पत्र्याचा डबा होता. तो डबा मी लगेच ओळखला. त्याच्या पहिल्या पगारातून आणलेला बंदुकीचा गेम! माझ्या लग्नाआधी आम्ही दोघं तो तासन् तास खेळायचो आणि मी त्याला धू धू धुवायचे.

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, म्हणजे फुकट मिळणारी सिस्टिम, तेही खटपट्याच्याच कृपेने. चोरीची सिस्टिम टाकून देणार नाही, विकतची तुम्ही घेणार नाही, मग हे घ्या, असं म्हणून त्याने घालून दिलं. लोकांना वाटतं त्यावर गेम चालत नाहीत. हा चालतो. दुसऱ्या सिस्टिमचा गेम ओढूनताणून चालवण्यातली गंमत नाही ही, बनवणाऱ्यांनीच लिनक्ससाठी वेगळा काढलेला. डब्यावर तसं छापलंय. खटपट्याने माउस डावीकडे ठेवला आणि माझ्या उजव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांसाठी कीबोर्डवरची बटणं नव्याने बांधली. अंगठ्याखाली उडी, अनामिकेखाली पुढे, करंगळीखाली बाजूला. आठवडाभर रोज येऊन एकेक बटण हलवून बघत होता तो.

तिसऱ्या रविवारी मी जिंकले. आमच्या खोलीत तीन कॉम्प्युटर तारेने जोडलेले. माझा, ह्यांचा आणि खटपट्याचा लॅपटॉप. ज्याच्या वीस शिकारी आधी होतील तो जिंकला. माझ्या वीस झाल्या, खटपट्याच्या सोळा, ह्यांच्या नऊ. मी हसले म्हणे. मला आठवत नाही, पण दोघंही अजून सांगतात की मी हसले.

तिथून सहा महिने दर रविवारी मीच जिंकत आले. कधी थोडक्यात, कधी चांगलीच. खटपट्या कपाळाला हात लावायचा, ‘ताई, डाव्या हाताने? अगं, काय खातेस काय तू!’ आणि मला वाटायचं, गेलं ते गेलं, पण नजर आहे ना माझी, डावा हात तयार झालाय ना! हे रविवार नसते तर मी त्या भिंतीकडून परत वळले असते का, देव जाणे.

मागच्या बुधवारी कारखान्यात मॅनेजरने बोलावलं. तो माणूस तसा बरा आहे. म्हणाला, तुमची रजा संपतेय, दोन जागा आहेत. एक घड्या घालायचं टेबल, दुसरी तुमची जुनी, पात्यावर. डॉक्टरचा कागद आलाय, तुम्हाला जमेल असं वाटत असेल तर माझी हरकत नाही. सोमवारी सांगा. मी घरी आले आणि दारातूनच ओरडले, ‘मी पातं घेणार!’ हे जेवत होते. घास तसाच हातात. म्हणाले, ‘बघ बाई, तुझं तुला कळतं.’ खटपट्याला फोन करून सांगितलं, तर त्याला नेमकं दुकानात गिऱ्हाईक आलं.

आता शनिवार. माझ्या कॉम्प्युटरची डिस्क महिनाभर कुरकुर करत होती. शुक्रवारी मी नवी आणली. जुनी मरायच्या आत तिच्यावरचं सगळं काढून घेतलं. फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉप, जे जे दिसलं ते. संध्याकाळपर्यंत जुनी गप्प झाली ती कायमची. मग शनिवारी सकाळी नव्या डिस्कवर मी एकटीने गेम बसवायला घेतला. खटपट्याला विचारायचं नाही, असं ठरवूनच.

डब्यातली चकती घातली. तिच्यावरची फाइल नुसती दाबून उघडत नाही, तिला आधी चालायची परवानगी द्यावी लागते. दिली. गेमचं मोठं गाठोडं चकतीवरून हाताने योग्य जागी नेऊन ठेवलं. चालवायला गेले, तर ‘अशी फाइलच नाही’ म्हणतोय. अरे, ही काय समोर आहे! तासभर डोकं फोडलं. गेम जुना, बत्तीस बिटांचा, सिस्टिम नवी, चौसष्टची. त्याला त्याच्या वेळच्या मदतनीस फाइली, लायब्ऱ्या म्हणतात त्यांना, वेगळ्या आणून द्याव्या लागतात, आणि त्या नाहीत हे सरळ सांगायची त्याला लाज वाटते. त्या आणल्या. चित्र आलं, आवाज नाही. दीड तास आवाजात गेला. डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर टाइप करत, शिव्या देत, मी तो गेम चालू केला. बंदुकीचा पहिला बार घुमला तेव्हा शेजारीण दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, काही नाही, मी आहे.

आणि खेळायला गेले तर हात कुठे जाईना! सगळी बटणं जागेवर नाहीत. धडधाकट माणसाची मांडणी. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं तो लिनक्स दाखवत नाही, आणि गेम आपल्या सगळ्या खुणा नेमक्या तसल्याच फोल्डरात ठेवतो. जे दिसलं ते मी उचललं होतं. माझी बटणं जुन्या डिस्कबरोबर गेली. एकवीस वर्षं कटिंगला काढलेल्या बाईने गठ्ठ्याचा सगळ्यात खालचा थर विसरावा! स्वतःचाच असा संताप आला.

पण हरायचं नाही. म्हटलं ह्यांच्या कॉम्प्युटरवर तसलीच फाइल असेल, त्यातल्या ओळी कशा लिहिल्यात ते बघते आणि माझी बटणं स्वतः लिहिते. चहा केला, कप घेऊन ह्यांच्या खुर्चीवर बसले आणि लपलेले फोल्डर दाखवायला सांगितलं. फाइल उघडली. माझी नवी फाइल इकडे, ह्यांची तिकडे. एकेक ओळ जुळवत खाली आले.

एक ओळ जुळेना. आपल्या गोळीत किती जोर आणि आपल्या अंगात किती जीव, हे ठरवणारा आकडा असतो. माझ्या नव्या फाइलीत शंभर, म्हणजे गेम देतो तोच. ह्यांच्या फाइलीत चाळीस.

तो आपोआप चाळीस होत नाही. कुणीतरी करावा लागतो.

तेव्हा कप भिंतीवर गेला.

हे दोन वाजता आले. दारात चप्पल काढताकाढताच त्यांनी भिंत बघितली, मग पडद्यावरची उघडी फाइल बघितली आणि तिथेच उभे राहिले. मी विचारलं, ‘किती दिवस?’

‘बस तरी, अगं, आधी...’

‘किती दिवस, विचारतेय मी!’

‘तू पहिल्यांदा जिंकलीस तेव्हापासून,’ ते म्हणाले. ‘तिसऱ्या रविवारपासून. तुझं तोंड बघवत नव्हतं. खटपट्या म्हणाला, एकदाच जिंकू दे, उभारी येईल. तू हसलीस. मग तो आकडा परत वर न्यायची आमची छातीच झाली नाही.’

‘त्यालाही चाळीस?’

‘त्याला तीस.’

तळपायाची आग मस्तकात गेली. खटपट्याला फोन लावला, म्हटलं लॅपटॉप घेऊन ये, दुकान खड्ड्यात गेलं तरी चालेल. वीस मिनिटांत आला. आत आला तोच डोळे पुसत. ह्यांनी त्याला कळवलं असणार. मी म्हटलं, ‘रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. इथे कीबोर्ड आहेत.’

‘ताई, तुझ्यासाठीच केलं गं.’

‘माझ्यासाठी? सोमवारी मी पात्यापुढे उभी राहणार होते, ठाऊक होतं ना तुला? बुधवारी सांगितलं मी. कशाच्या जोरावर उभी राहणार होते मी, बोल! दर रविवारी वीस मारते, डावा हात विजेसारखा चालतो, ह्या जोरावर! पात्यात चाळीस नसतं रे. पातं शंभरानेच फिरतं. ते माझ्या तोंडाकडे बघून हळू होणार होतं का?’

खटपट्या म्हणाला, ‘उद्या सांगणार होतो. रविवारी.’

‘आणि उद्या मी परत हसले असते तर?’

हे म्हणाले, ‘बुधवारी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तीन दिवस मी बस चालवतोय ती कशी ते मला माहीत.’

‘मग तोंड उघडायचं होतं!’ मी ओरडले. ‘माझ्या पाठीमागे दोघांनी बसून ठरवलं, ही हरली तर मोडेल. कुणी विचारलं मला? मी काय काचेची आहे? बोटं गेली माझी, अक्कल नाही गेली!’

मी त्या दोघांना खुर्च्यांवर बसवलं. ह्यांच्या फाइलीत शंभर लिहिलं, खटपट्याच्या फाइलीत शंभर लिहिलं, माझ्या हाताने. माझी बटणं आठवून आठवून बांधली. खटपट्या मदतीला वाकला तर त्याचा हात बाजूला केला. मग म्हटलं, ‘खेळा. आणि कुणी मुद्दाम चुकला असं मला नुसतं वाटलं तरी हा कीबोर्ड त्याच्या डोक्यात.’

खेळलो. खटपट्याने मला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मी वळायच्या आत मेलेली असायचे. डावा हात विजेसारखा नव्हताच. निशाणापर्यंत पोचायचा, पण अर्धा क्षण उशिरा, दर वेळी तोच अर्धा क्षण. ह्यांच्यासारखा माणूस, जो पहिल्या दिवशी भिंतीवर गोळ्या झाडत होता, तोही मला टिपत होता. खटपट्याच्या वीस झाल्या, ह्यांच्या अकरा, माझ्या तीन.

‘बास, ताई?’ खटपट्याने विचारलं.

‘अजून एक डाव.’

पाच डाव झाले. शेवटच्यात माझ्या चार. त्यातली चौथी खटपट्याची होती. तो जिन्यावरून उतरत होता, मी कोपऱ्यात दबून होते, आणि या वेळी हात वेळेवर पोचला. तो सवयीने म्हणायला गेला, ‘काय खातेस काय...’ आणि अर्ध्यावर थांबला.

‘आता का थांबलास?’ मी म्हटलं. ‘आता खरी मारलीय ती. आता बोल ना!’

त्याने तोंड फिरवलं. मीही मग तोंड फिरवलं, कारण माझेही डोळे भरले होते आणि त्या दोघांना ते दाखवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. रविवारी मी दोघांशी एक अक्षर बोलले नाही.

सोमवारी मॅनेजरकडे जायच्या आधी मी कटिंगला गेले. माझ्या जागेवर नवी मुलगी होती, पातं फिरत होतं. तिला म्हटलं, जरा बंद कर. तिचा पोलादी मोजा मागून घेतला आणि उजव्या हातात घातला. मोज्याची दोन बोटं रिकामी लोंबत होती. पातं आधी तीच धरणार, आणि ती ओढली गेली की मागून सगळा हात. मी डावा हात पात्यापुढे धरून मागे घेऊन बघितला. अर्धा क्षण. तो मला आता चांगला माहीत झाला होता.

मॅनेजरला सांगितलं, टेबल. तो म्हणाला, ‘मला वाटलं तुम्ही पातं मागाल.’ म्हटलं, मागणार होते.

घड्या घालायचं काम मला आवडत नाही. शर्ट आला की बाह्या मागे, कॉलर वर, टाचणी, पिशवी. परत पुढचा शर्ट. दुपारच्या सुट्टीत खटपट्याचा फोन आला. ‘ताई, राग गेला का?’

‘नाही गेला. इतक्यात जाणारही नाही.’

‘मग रविवारी येऊ नको का?’

मी टेबलावर ठेवलेल्या डाव्या हाताकडे बघितलं. पाच बोटं होती.

‘ये,’ मी म्हटलं. ‘शंभरावर ये.’