माझ्या उशामागचा डाग

मी एक जुना लाकडी पलंग आहे. मित्रांनो, कुरकुरतो म्हणून सगळे मला नावं ठेवतात. माझ्यावर उड्या मारणाऱ्यांना मात्र कुणी काही म्हणत नाही! सुताराने मला या घरच्या आजोबांसाठी घडवलं. टेकून वाचता यावं म्हणून उशाकडची फळी मुद्दाम उंच ठेवली. आजोबा गेले, नवे पलंग आले आणि मी मागच्या खोलीत, नातीच्या वाट्याला आलो. ती मला ‘म्हातारोबा’ म्हणते. खरं सांगतो, मला ते फार आवडतं.

एकदा त्या खोलीच्या भिंतीवर बुरशीचा काळा डाग उठला. नेमके पाहुणे यायचे होते. नातीच्या आईने काय करावं? मला ढकलत नेलं आणि माझी उंच फळी बरोब्बर डागावर टेकवली. पाहुण्यांनी खोलीचं कौतुक केलं. इकडे माझी पाठ ओली होत होती, पण लक्षात घेतो कोण!

पुढे नात खोकू लागली. गार हवा बाधत असेल म्हणून आईने खिडकी लावून घेतली. खोकला वाढला, तशी तिने फटींतही कापड कोंबलं. ओले कपडे तिथेच वाळत. आईची माया खोटी नव्हती हो, पण हवा कोंडली तशी बुरशी माजली. पोरीला धाप लागे आणि मी नुसता कुरकुरे. दुसरं येतंय काय मला?

मग तिची आत्या राहायला आली. तिचं नाक भारी तिखट. कुबट वास कसला येतोय, असं विचारत तिने मला सरकवलंच. भिंत काळीकुट्ट झाली होती आणि माझ्या फळीवर लव उगवली होती. आईने त्या काळ्या भिंतीवरून बोट फिरवलं.

“मीच झाकलं हे. आणि पोरीचं डोकं रोज तिथेच.”

“झालं ते झालं, वहिनी,” आत्या म्हणाली. “आधी पोरीला बाहेर ने. मग दोघी मिळून साफ करू.”

ओल भिंतीतल्या गळक्या नळातून येत होती; नातीच्या वडिलांनी तो दुरुस्त करून घेतला. दोघींनी मास्क आणि हातमोजे घातले, खिडकी सताड उघडली. धूळ उडू नये म्हणून डाग आधी ओला केला, साबणाच्या पाण्याने घासला आणि भिंत खडखडीत वाळू दिली. रंग त्यानंतरच लावला. माझी फळी मात्र कुजली होती. वडील म्हणाले, हा पलंगच टाकून देऊ. मी जोरात कुरकुरलो.

“म्हातारोबा कुठेही जाणार नाही,” नात म्हणाली. “त्याची फळी तेवढी काढा.”

फळी गेली, मी राहिलो. आता भिंतीपासून वीतभर लांब उभा असतो. खिडकी रोज उघडते, कपडे बाहेर वाळतात, नातीला डॉक्टरांना दाखवलं, त्यांच्या औषधालाही गुण आलाय. मित्रांनो, घरात डाग दिसला तर झाकू नका. ओल कुठून येते ते शोधा आणि आम्हा जुन्यांच्या पाठीमागेही कधी डोकावत जा.

झोपण्याआधी नात मागे हात घालून भिंत चाचपते. “कोरडी आहे, म्हातारोबा,” असं सांगते आणि शांत झोपते. तिची झोप मोडू नये म्हणून मीही कुरकुरत नाही.