एकही माशी आत नको

मंगळवारी सकाळी सहाला टायमर खट्ट वाजला, दिवे लागले आणि मी किंचाळलेच.

"काय झालं? शॉक बसला?" नवरा तोंडात टूथब्रश तसाच ठेवून धावत आला. तो इलेक्ट्रिशियन. त्याला दुसरं काही सुचतच नाही.

"फुलं! अरे, मोज ना!"

चार मजली मांडणी, प्रत्येक मजल्यावर स्ट्रॉबेरीची बारा रोपं आणि त्यांच्या डोक्यावर नवऱ्याने हाताने बसवलेल्या एलईडीच्या पट्ट्या. माती चिमूटभरही नाही. पाइपातून खतपाणी फिरतं आणि मुळं त्यात पाय सोडून आरामात बसलेली असतात. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात एकसष्ट फुलं उघडली होती. मी तीनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना हसू आवरेना.

"आता तरी फळं धरतील ना गं?" नवऱ्याने फेस सांभाळत विचारलं, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

पहिला बहर महिन्यापूर्वी आला होता. चोवीस फुलं. पाकळ्या गळल्या, मधला पिवळा गोळा काळा पडला, वाळून कोळसा झाला. चोवीसच्या चोवीस.

ही खोली मुळात सासूबाईंची, शिवणाची. माझी हौस बघून त्यांनी मशीन उचलून जेवायच्या टेबलावर नेलं होतं. "तीन महिने घे," त्या म्हणाल्या होत्या. "फळ धरलं तर खोली तुझी. नाही तर माझं मशीन आत, तुझी झाडं बाहेर." ते तीन महिने येत्या रविवारी संपत होते. तोवर आम्ही चौघं ताट मांडीवर घेऊन जेवत होतो आणि मी रोज जमिनीवर चुंबक फिरवून टाचण्या गोळा करत होते. आमची चिऊ दोन वर्षांची. सापडेल ते तोंडात घालते.

काळजी हा माझा स्वभावच. खोलीच्या खिडकीला बारीक जाळी, दाराखाली रबरी पट्टी, कोपऱ्यांत चिकट पिवळे कागद. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. पंखा लावला तर धूळ उडेल, म्हणून पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. चिऊला तर उंबरठ्यापलीकडे सक्त मनाई. ती दारावर थापा मारायची, मी आतून "शहाणी ना माझी बाळ" करायची.

बुधवारी दुपारी सासूबाई गळ्यात टेप अडकवून दारात उभ्या.

"हात धुतलेत हो," त्या म्हणाल्या. "फक्त माप घेते. मशीन कुठे बसेल बघायला."

त्यांनी भिंत मोजली, खिडकी मोजली. मग चष्मा नाकावर ओढून एका फुलावर वाकल्या.

"छान आहेत गं. इथे माशी, चिलट काहीच कसं नाही?"

"मी येऊच देत नाही, आई!" माझी मान ताठ झाली. "तीन महिन्यांत एकही नाही."

"मधमाशीसुद्धा?"

माझ्या कानशिलांपर्यंत शेक आला.

"कॉलेजात काय शिकलीस गं?"

"वनस्पतिशास्त्र."

"त्यात हे नव्हतं?"

"होतं. परागीभवन. दहा मार्कांना."

"मिळाले किती?"

"नऊ."

"मग तो एक इथे गेला," सासूबाई म्हणाल्या आणि अशा हसल्या की त्यांना मांडणी धरावी लागली. मीही हसायला लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण उत्तर इतकं सोपं होतं आणि फुलं अजून ताजी होती.

"आई, मऊ ब्रश हवा! आत्ताच्या आत्ता!"

त्यांनी मशीनमधला भुगा झाडायचा ब्रश आणला. वीस वर्षं वापरून त्याचे केस कापसासारखे झाले होते. मी तो कढत पाण्यात धुतला, ड्रायरने वाळवला आणि पहिल्या फुलात गोल फिरवला. टोकाला पिवळी भुकटी लागली. मी ब्रश आणखी घट्ट धरला.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. "काज करायला घेतल्यासारखा धरलायस बघ. हलक्या हाताने. हं, असा."

त्या वरचे दोन मजले करत होत्या, मी डोळे तपासायच्या डॉक्टरसारखी मोबाइलचा उजेड धरत होते. मग खालचे दोन मी केले. गुरुवारी पुन्हा. शुक्रवारी त्या माझ्या आधी हात धुऊन हजर. बटणावरची चिकटपट्टीही मी काढून टाकली आणि पंखा लावला. पानं पहिल्यांदाच हलली.

शनिवारी पाकळ्या गळायला लागल्या. मी दर तासाला जाऊन बघत होते. गोळे पिवळेच होते. काळे नव्हते, पण हिरवेही नव्हते.

रविवारी सहाला टायमर खट्ट वाजला तेव्हा आम्ही दोघी आधीच आत होतो. सासूबाई वाकल्या. एकेक गोळा बोटाने वळवून बघू लागल्या.

"आई, सांगा ना!"

गळ्यातली टेप काढून त्यांनी सगळ्यात टपोऱ्या गोळ्याजवळ धरली. हिरवा होता, टणक होता, अंगावर बारीक ठिपके. "सेंटिमीटरला थोडा कमी," त्या म्हणाल्या. "परवा याच्या निम्माही नव्हता."

एकसष्टपैकी त्रेपन्न फुलांना फळ धरलं होतं. मी त्यांना अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

"अरे ए!" त्यांनी लेकाला हाक मारली. "हॉलच्या खिडकीपाशी मला एक पॉइंट काढून दे. मशीन तिथे बसवू. टेबलावर माणसासारखं जेवू दे आता. आणि सूनबाई, ब्रश माझा आहे. दहा वाजता रोज मी येणार."

दारावर थापा पडल्या. मी चिऊचे हात कोपरापर्यंत धुतले आणि तिला उचलून पहिल्यांदाच आत आणलं. तिने डोळे एवढाले केले. समोर एक नवं फूल उघडलं होतं. तिने गाल फुगवले आणि त्यावर जोरात फुंकर मारली.

थुंकी, सर्दी, जंतू, सगळं माझ्या जिभेवर आलं.

"अजून एकदा," मी म्हणाले.