गुडघ्यावरची पॉवर बँक

बॅटऱ्यांच्या कारखान्यात तपासणीचं काम ती बारा वर्षं करत होती. चंदेरी पाकिटासारख्या दिसणाऱ्या चपट्या बॅटऱ्या आधी पंधरा दिवस मांडणीवर नुसत्या ठेवून द्यायच्या, मग एकेकीचं व्होल्टेज मोजायचं. न वापरताच जिचं व्होल्टेज उतरलं, तिच्या आत काहीतरी बिनसलंय असं समजून ही लाल पेनानं तिच्यावर फुली मारायची. फुल्या इतक्या सढळ हातानं पडायच्या की कामगार पाठीमागे तिला फुलीबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं. आवडतही होतं, पण चेहऱ्यावर तिनं कधी दिसू दिलं नाही.

घरात मात्र अंतिम तपासणी सासूबाईंकडे होती. आमटीत मीठ कमी आहे की नाही, पडदे धुवायला झालेत की नाही, यावर त्यांचा शब्द शेवटचा.

एका रविवारी दुपारी सासूबाई गुडघ्याला रुमाल बांधून खुर्चीत बसल्या होत्या. रुमालातून एक वायर निघून भिंतीवरच्या प्लगपर्यंत गेली होती. हे काय, असं फुलीबाईनं विचारल्यावर त्यांनी कौतुकानं रुमाल सोडला. आत पॉवर बँक होती, बसथांब्याजवळच्या हातगाडीवरून घेतलेली. त्यांचं म्हणणं असं, की फोन तिच्यावर धड चार्ज होत नाही, पण ती स्वतः चार्जिंगला लावली की झकास गरम होते, आणि गुडघा असा मोकळा होतो की डॉक्टरच्या गोळ्यांनीही कधी झाला नाही.

"आणली तेव्हा कडक होती गं," त्या म्हणाल्या. "आता बघ, फुगून कशी उशीसारखी झालीय."

फुलीबाई झटकन पुढे झाली. तिनं आधी प्लग काढला. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून नवऱ्याला बादलीभर कोरडी वाळू आणायला पिटाळलं. मग तळहातावर अलगद पेलत तिनं ती फुगलेली वस्तू अंगणात नेली आणि वाळूत पुरली. नवरा दहा पावलं लांब उभा राहून "जपून" एवढंच म्हणत होता. फुगलेली बॅटरी म्हणजे आत वायू कोंडलेला, ती कधीही पेट घेईल, असं तिनं सासूबाईंना परोपरीनं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुनेला आपलं सुख बघवत नाही, असं मुलाला ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा सुरक्षा कर्मचारी येऊन पॉवर बँक पत्र्याच्या पेटीतून घेऊन गेला. जाड काचेमागे ती उघडली तेव्हा आतल्या बॅटरीवर फिकट गुलाबी फुली दिसली. कुणीतरी स्पिरिटनं पुसायचा प्रयत्न केला होता, पण फुलीबाईचा हात पहिल्यापासून जड. कडेचा क्रमांक तिनं ताडून पाहिला. चार महिन्यांपूर्वी तिनेच बाद केलेल्या मालातली ती बॅटरी होती. बाद माल नष्ट करायचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्यानं तो परस्पर विकून टाकला होता.

मालकांनी ठेकेदाराला हाकललं, पोलिसांत तक्रार केली, हातगाडीवरचा उरलेला माल ताब्यात घेतला. पण विकल्या गेलेल्यांचं काय? फुलीबाईनं घरी येऊन पुसलेल्या फुलीची हकीकत सांगितली आणि सहज विचारलं, तर सासूबाई जरा घुटमळल्या. बागेत फिरायला येणाऱ्या दहा जणींना त्यांनीच ती पॉवर बँक घ्यायला लावली होती.

सकाळी सुरक्षा कर्मचाऱ्याला आणि त्याच्या पेटीला घेऊन सासू-सून बागेत गेल्या. फुलीबाईनं वायू, उष्णता, आग सगळं नीट समजावलं. बायकांनी माना डोलावल्या आणि पिशव्या छातीशी आणखी घट्ट धरल्या. एकीनं कमरेला बांधूनच आणली होती. ती म्हणाली, माझी अजून मऊ झालेली नाही, झाली की देईन.

तेव्हा सासूबाई बाकावरून उठल्या.

"माझ्या सुनेला आमटीतलं मीठ कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण हिनं ज्या बॅटरीवर फुली मारली ती वाईट म्हणजे वाईटच. काढा सगळ्या."

दहाच्या दहा पेटीत जमा झाल्या. फुलीबाई पेटीतली वाळू उगाचच पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. बारा वर्षांत तिच्या कामाबद्दल घरातून आलेला हा पहिला शब्द होता, आणि तो मिठासकट आला होता.

मालकांनी अकरा जणींना शेकायच्या रबरी पिशव्या दिल्या. वर नव्या कामगारांसमोर चार शब्द सांगायला सासूबाईंना कारखान्यात बोलावलं. ठेवणीतली साडी नेसून त्या गेल्या आणि तासभर बोलल्या. त्यातली दहा मिनिटं बॅटरीबद्दल होती. बाकीचा वेळ डावा गुडघा, मग उजवा, आणि जिना चढताना दोघांत होणारा फरक. पण कामगार कान देऊन ऐकत होते. शेवटी एकानं उठून विचारलं की फुलीबाई घरीही अशाच कडक आहेत का.

"कोण फुलीबाई?" सासूबाईंनी विचारलं. मग मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या सुनेकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना पाणी आणून द्यावं लागलं.