गणपतीचे पाच दिवस

आमच्या लालबागच्या चाळीत कायद्यातलं सगळं मलाच कळतं. म्हणजे असं मलाच वाटतं. पागडीचा वाद असो की पाण्याचा, धनेश पावसकर न विचारता सल्ला देणार. याच बडबडीला विटून माझी बायको आकांक्षा गेल्या उन्हाळ्यात अँटॉप हिलला भावाकडे निघून गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. "मला आता नको, धनेश," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बरं, संमतीने घेऊ." काय तो मोठेपणा! आतून पार हललो होतो.

मग मोबाईलवर कायदा वाचला. संमतीचा घटस्फोट मागायचा तर आधी वर्षभर वेगळं राहायला लागतं. वाचलं आणि माझी ट्यूब पेटली. मध्येच ती चार दिवस घरी राहायला आली, तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं! वा रे धन्या, म्हटलं, काय डोकं आहे!

गणपती जवळ आले तसं मी आईला पुढे केलं. आईने फोनवर गळा काढला, "गो आकांक्षा, तू नाय इलस तर गवरीचो ववसो कोण भरतला?" आमच्यात गौरीपुढे सूप भरून ठेवायचं ते घरच्या सुनेनेच. आकांक्षा आली. पाच दिवस राहिली, आईजवळ झोपली, मोदक वळले, आरतीला माझ्या शेजारी उभी राहिली. मी भाचीकडून फोटो काढून घेतले. पुरावा नको?

वर्ष सरलं आणि आम्ही दादरला परुळेकर वकीलबाईंसमोर बसलो.

"वर्षभर वेगळे राहताय ना?" बाईंनी विचारलं.

मी घसा खाकरला. "तसं म्हणता येणार नाही, मॅडम. गणपतीत पाच दिवस एकत्र होतो." चेहरा शक्य तितका पाडून मोबाईल पुढे सरकवला.

बाईंनी त्याकडे पाहिलंही नाही. "सणाला आल्या होत्या. नवरा-बायको म्हणून राहिला नाहीत ना? मग काही बिघडत नाही."

माझं तोंड एवढंसं झालं. तरी खाज जाईना. "पण मॅडम, कायद्यात तर..."

"धनेश," आकांक्षा म्हणाली, "मी यायच्या आधीच मॅडमना विचारलं होतं. चालेल म्हणाल्या, तेव्हाच बॅग भरली. आईंना वाईट वाटू नये म्हणून आले."

चिडून बोलली असती तर मीही चिडलो असतो. पण ती अगदी समजावून सांगत होती. म्हणजे मी गाढव टाळ बडवत आरती म्हणत होतो, तेव्हा ती आधी खात्री करून घेऊन माझ्या शेजारी उभी होती.

"मग अर्ज तयार करू?" बाईंनी मला विचारलं. "दोघांचीही संमती लागते."

हे मला पाठ होतं. 'नको' म्हटलं असतं तर सगळं तिथेच थांबलं असतं, आणि मला तेच म्हणायचं होतं. आकांक्षाने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. मला घाबरून.

"करा," मी म्हटलं.