पत्रिका उघडू नये

कोणतीही संस्था विश्वासाच्या पायावर उभी असते. रिसोडची हिरवादाणा शेतकरी उत्पादक कंपनी मात्र सोयाबीनच्या पोत्यांवर उभी होती. विश्वास होता तो सगळा लग्नपत्रिकांवर. मोबाइलवर पत्रिका आली की ती उघडायची. कोणाची, ते मागाहून बघायचं. न उघडावी आणि उद्या तोच पाहुणा बाजारात समोर आला, तर तोंड कुठं लपवायचं?

अशाच एका पत्रिकेत नवरा नव्हता, नवरी नव्हती, मुहूर्तही नव्हता. अध्यक्ष जगदेवभाऊंनी ती कंपनीच्या कॉम्प्युटरवर उघडली, कारण मोबाइलवर अक्षर बारीक दिसत होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या फायलींना कुलूप लागलं आणि पडद्यावर खंडणीची मागणी झळकली. कंपनी वाचली ती कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरमुळे. सगळ्या नोंदींची प्रत त्यात होती आणि वायर पुरली नाही म्हणून तो नेटला जोडायचाच राहून गेला होता. संचालक मंडळाने या दूरदृष्टीबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं आणि व्यवस्थापक नरेंद्रला सायबर सुरक्षा अधिकारी नेमलं. खुर्ची तीच राहिली.

नरेंद्र वाशीमला एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आला आणि त्याने ते मनावर घेतलं. नोंदींची प्रत रोज वेगळ्या डिस्कवर जाऊ लागली, डिस्क संध्याकाळी काढून कपाटात. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड होता, तो मोडीत निघाला. आता प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड, शिवाय मोबाइलवर येणारा कोड. याला तो दुहेरी पडताळणी म्हणे. कोणाच्या नावाने काही संशयास्पद आलं, तर त्याचं लॉगिन आधी बंद, चौकशी मग. ओळखीच्या आवाजालाही भुलायचं नाही, आवाज हल्ली मशीनही काढतं. आणि अधूनमधून तो स्वतःच एक खोटी पत्रिका सगळ्यांना पाठवी. जो उघडेल, त्याने ऑफिसला कचोरी खाऊ घालायची.

पहिल्या खेपेला एकही जण सुटला नाही. जगदेवभाऊंनी तर दोनदा उघडली. दुसऱ्यांदा पंगत किती वाजता आहे ते बघायला. पण माणूस शिकतो. दिवाळीनंतर कचोऱ्या पार बंद पडल्या आणि त्याचं दुःख फक्त समोरच्या हॉटेलवाल्या गुलाबसिंगला झालं.

मग नरेंद्रच्या मुलीची, साक्षीची सोयरीक जुळली. पाहुण्यांना घाई होती, लगेच तारीख निघाली. नरेंद्र रजा टाकून रिठदला घरी तयारीला लागला. रजेच्या अर्जात त्याने रिवाजाप्रमाणे ‘घरगुती काम’ एवढंच लिहिलं होतं. पत्रिका त्याने कंपनीच्या ग्रुपवर टाकली. चांगली हलणाऱ्या गणपतीची होती.

कोणी अभिनंदन म्हटलं नाही. अंगठासुद्धा आला नाही. आचाऱ्याला माणसांचा अंदाज द्यायचा म्हणून बायको सपना रोज विचारी, तुमच्या ऑफिसचं कोणी येऊन राह्यलं का नाही? नरेंद्र रोज मोबाइल बघे. इतकी वर्षं ज्यांच्यात उठबस केली, त्यातलं एकही माणूस पोरीच्या लग्नात नसलं, तर पाहुण्यांसमोर शोभा काय राहणार? शेवटी ग्रुपवरून त्यालाच काढून टाकलं आणि पाठोपाठ जगदेवभाऊंचा फोन आला.

“नरेंद्र, तुया नावानं कोनीतरी पत्रिका पाठून राह्यलं बाप्पा.”

“भाऊ, म्याच पाठोली. साक्षीचं लगन हाय.”

“चोर बी असंच म्हनन.”

“माया आवाज वयखू नाही येत का तुमाले?”

“येते ना. हुबेहूब हाय,” जगदेवभाऊ कौतुकाने म्हणाले. तुझं लॉगिन बंद केलंय, असंही त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

नरेंद्रने हे सपनाला सांगितलं. तिला हसू आवरेना. गावात घरोघर चूलबंद आवतन दिलं, मग ऑफिसवाल्यांनाच मोबाइलवर काहून सोडलं, असं तिने विचारलं. चूलबंद आवतन म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे मांडवात जेवणार. ते दारात जाऊन, हातावर अक्षता ठेवून, तोंडानेच द्यावं लागतं. नरेंद्रने अक्षतांची पिशवी घेतली आणि मोटरसायकल काढली.

जगदेवभाऊंच्या दारात त्यांच्या बायको प्रयागबाईंनी अक्षता घेतल्या.

“एकाले की चूलबंद?”

“चूलबंद, वहिनी.”

“मंग खरं हाय. चोर कायले घरभर जेवू घालन?”

जगदेवभाऊंनी तरी त्याचा दंड दाबून पाहिला. माणूस निघाला. पत्रिका मान्य झाली, पण लॉगिन सोमवारीच सुरू होईल, नियम तुयाच हाय, असं ते म्हणाले. नरेंद्रने मग संचालक, हमाल, पार किन्हीराजा गावच्या सभासदांपर्यंत घरं घेतली. प्रत्येक घरी चहा झाला आणि प्रत्येकाने त्याच्या प्रशिक्षणाचं कौतुक केलं.

लग्नाला रिसोडचा हॉल पुरला नाही. किन्हीराजाची मंडळी जीपच्या टपावरून उतरली. आचाऱ्याला भात पुन्हा टाकावा लागला. जगदेवभाऊ बँडपुढे नाचले आणि प्रयागबाईंनी सगळ्यांदेखत त्यांची टोपी सरळ केली. नरेंद्रचे डोळे भरून आले होते. येईल त्याला तो मिठी मारत होता आणि म्हणेल त्याला हो म्हणत होता. हॉलच्या दारावर ‘लग्नाचे फोटो इथे मिळतील’ असा एक क्यूआर कोड चिकटवलेला होता. त्याने तो स्कॅन केला, आणि त्याचं बघून सगळ्या वऱ्हाडाने केला.

तो कागद ना नरेंद्रने लावला होता, ना व्याह्यांनी, ना फोटोवाल्याने.