तापलेल्या नळीवर

मोटारीच्या नाकातून पहिली वाफ निघाली तेव्हाच साराला कळून चुकलं, की आपण काही बाराला घरी पोचत नाही.

बाराला येते, असं ती भागूबाईला, म्हणजे सासूला, सांगून निघाली होती. पहाटेच्या आगगाडीनं नगरला जायचं, मास्तरकीच्या परीक्षेचा तोंडी भाग उरकायचा आणि मिळेल त्या वाहनानं काष्टीला परत यायचं. घरी चार महिन्यांचा डेव्हिड. वाटी-चमच्याचा त्याला भारी राग. चमचा जवळ आला की ओठ गच्च मिटून तो मान भिंतीकडे फिरवी. अंगावर पिईल तर आईच्या, नाहीतर उपाशी.

परतीची आगगाडी संध्याकाळची, म्हणून ती दिलावरच्या भाड्याच्या मोटारीत बसली. मोटार जुनी, छपराला ठिगळं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मोजून मिळे, म्हणून दिलावर ती अगदी जपून हाके. मागं तिच्याशेजारी बांगड्यांची टोपली मांडीवर घेऊन मुबारकबी बसली होती. काष्टीच्या बाजारात ती बांगड्या भरी. साराच्या लग्नातला चुडा तिच्याच हातचा.

कोळगाव मागं टाकून मैल-दोन मैल झाले असतील. चैत्राचं ऊन, झाड म्हणावं असं एक कडुनिंब. दिलावरनं मोटार त्याच्या सावलीच्या कडेला कशीबशी नेऊन उभी केली.

"किती वेळ लागेल?" सारा खाली उतरायच्या आतच म्हणाली.

"निवंल तवा निवंल, मास्तरीनबाई. तापलेल्या मानसाशी आन् तापलेल्या इंजिनाशी मी बोलत न्हाई."

त्यानं हाताला फडकं गुंडाळून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण सैल केलं आणि झटकन मागं सरला. वाफेचा लोट उठला. मग तो खाली बसून विडी ओढू लागला. साराला त्या विडीचा राग आला. ती झाडाखाली जाई, परत येई, इंजिनावर हात धरून बघे, पुन्हा झाडाखाली जाई.

"बस की गं पोरी," मुबारकबी म्हणाली. "तू फिरल्यानं ते गार व्हनार हाय का?"

सारा बसली आणि लगेच उठली. छातीत ठणका सुरू झाला होता. पोलक्याच्या आत तिनं जुन्या धोतराच्या दोन घड्या ठेवल्या होत्या; त्या केव्हाच भिजल्या होत्या. अंगाला घड्याळ असतं असं तिला बाळंतपणापासून कळलं होतं. आता तिकडं डेव्हिड रडत असणार.

डब्यातलं पाणी दिलावरनं थोडं थोडं करून टाकीत ओतलं. डबा संपला, तरी टाकी भरेना. साराच्या हातात तिचा प्यायच्या पाण्याचा तांब्या होता.

"हे घ्या. ओता सगळं."

"तांब्याभर ऱ्हाऊ द्या, बाई. वाटंत लागतंय."

"घरी पोचल्यावर पिईन पोटभर. ओता तुम्ही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि ओतलं.

मग त्यानं पुढं हँडल घातलं नि फिरवलं. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा फिरवलं, तेही नाही. त्यानं प्लग काढून पाहिला, ठिणगी होती. शेवटी इंजिनाजवळची पितळी नळी सैल केली, तर पेट्रोलऐवजी आतून नुसती फुसफूस आली.

"घ्या," तो म्हणाला. "नळीत पेट्रोलची वाफ झालीया. वाफ वाट आडवती, मागचं पेट्रोल पुढं येईना."

"मग काय करायचं?"

"काय न्हाई. नळीवर वलं फडकं गुंडाळायचं. गार झाली की चालू."

"मग गुंडाळा."

दिलावरनं नुसतं रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. तो काही बोलला असता तर साराला बरं वाटलं असतं.

"टाकीतलंच काढा घोटभर."

"टाकी गळकी हाय, बाई. त्यातलं घोटभर काढलं तर काष्टीपतूर न्हाई पोचत. मी जातो वस्तीवर. कोसभर हाय. जाऊन येऊन दोन तास धरा."

दोन तास. सारानं पदर छातीशी आवळला. मुबारकबीची नजर पदरावरच्या ओल्या डागावर गेली.

"कवापासून?"

"पहाटेपासून, चाची."

"खुळी हाईस. गाठी हुतील, ताप भरंल. चल, पीळ आधी. ए दिलावर, तोंड कर तिकडं, नगरच्या बाजूला."

"केलं, केलं," दिलावर म्हणाला आणि खरोखरच रस्त्यावर जाऊन पाठ करून उभा राहिला.

झाडाआड मुबारकबीनं आपली ओढणी पडद्यासारखी धरली. सारानं तांब्या खाली धरला. पहिल्यांदा कळ आली, मग धार लागली. तांब्यावर वाजणारी ती धार ऐकून तिचे डोळे भरून आले. हे सगळं कुणाचं, आणि चाललंय कुठं. दूध अर्ध्या तांब्याच्या वर चढलं.

"आता झाडाच्या बुडाशी वत," मुबारकबी म्हणाली. "पायाखाली येऊ नये. आन् इस्तवावर तर कवाच पडू नये. आईचं दूध जळलं की पान्हा आटतो. आमच्या भावजयीचं तसंच झालं."

सारा बुंध्याशी वाकली आणि तशीच थांबली.

असलं काही नसतं, हे ती शाळेतल्या मुलींना रोज सांगे. विस्तवाला काय ठाऊक, कोणतं दूध कुणाचं आहे ते. शाळेत सांगताना किती सोपं होतं. भागूबाईसुद्धा तिला चुलीजवळ पाजू देत नसे आणि सारा मनात हसून लांब बसे. पण लांब बसे, हेही खरं.

ती वळली आणि मोटारीकडे चालू लागली.

"दिलावरभाई, हे वापरा."

दिलावरनं तांब्यात डोकावून पाहिलं नि दोन पावलं मागं सरकला.

"पानी कुठनं आनलं म्हनून बघायला गेलो... न्हाई, बाई. मी न्हाई करनार. आईचं दूध हाय ते. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

"पोरी," मुबारकबी मागून आली, "दोन तास काढू आपन. मी सांगते ना, लोखंडावर नगं."

"चाची, तो सकाळपासून उपाशी आहे."

"आन् आटलं तर? उद्याला काय देशील?"

सारानं पोलक्यातून घड्या काढल्या, तांब्यात बुडवल्या आणि दिलावरला म्हणाली, "तुम्ही नुसतं सांगा कुठं."

तो पाठ फिरवूनच सांगू लागला. "ती पितळी नळी. वरनं खाली गुंडाळा. हळू, कोपर भाजंल. सैल नगं, आवळून."

तिनं फडकं नळीला लावलं. चर्र झालं. दुधाची पांढरी वाफ तिच्या तोंडावर आली आणि मागोमाग करपल्याचा वास, ओळखीचा, चुलीवर उतू गेल्यासारखा. तिनं दुसरी घडी गुंडाळली, वर उरलेलं दूध थेंब थेंब सोडलं. पुन्हा वाफ, मग थोडी कमी, मग नाहीच. बोटांना पेट्रोल लागलं होतं, काळं तेल लागलं होतं. मुबारकबी तोंडातल्या तोंडात दुवा पुटपुटत होती.

दिलावरनं हँडल फिरवलं. नाही. पुन्हा फिरवलं. चौथ्या फेऱ्याला मोटार धडधडली, अंग झटकून उभी राहिली.

"बसा, बसा, बंद पडायच्या आत," तो ओरडला.

सगळ्या वाटेत सारा पदराआडून पुन्हा पुन्हा छाती चाचपून बघत होती. ती मऊ होती, रिकामी. आत्ताच तर पिळलं, रिकामीच असणार, ती स्वतःला सांगे. पण डेव्हिडची आठवण आली की आत जी झिणझिण उठे, ती आज उठेना. तिनं त्याचं रडणं मुद्दाम आठवून पाहिलं. त्याच्या कानामागचा वास आठवला. काही नाही.

घराच्या दारात भागूबाई पोराला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत होती.

"चमचा घिना, बोट घिना. घसा बसला लेकराचा. कुठं हुतीस गं?"

सारानं त्याला ओढूनच घेतला आणि उंबऱ्यावर बसली. डेव्हिडनं तोंड उघडलं, जवळ आला आणि मान फिरवून किंचाळला. पुन्हा जवळ घेतलं, पुन्हा फिरवली.

"हाताला काय लावलंयस? घासलेटाच्या दुकानात गेल्तीस का?"

भागूबाईनं चुलीतली राख आणली आणि लहान मुलीचे घासावेत तसे तिचे हात कोपरापर्यंत घासून धुतले.

या वेळी डेव्हिडनं धरलं. ओढलं, थांबला, सोडून रडला. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. काही येत नव्हतं. साराला वाटलं, मुबारकबीला हाक मारावी. वाटलं, सासूचे पाय धरून सगळं सांगून टाकावं. तिनं पोराच्या पाठीवरून नुसता हात फिरवला. "ओढ रे राजा. तू ओढल्याबिगर मला तरी काय कळणार?"

त्यानं हुंदका दिला, डोळे मिटले आणि हट्टानं ओढत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे. मग खांद्याच्या पाठीमागून बारीक मुंग्या निघाल्या, काखेतून खाली उतरल्या, आणि दूध असं जोरात आलं की डेव्हिडला ठसकाच लागला. नाकातोंडातून दूध उडालं. तो खोकला, रागावून आईकडे बघू लागला आणि तिला काही कळायच्या आत पुन्हा तुटून पडला.

"सावकास पाज की," भागूबाई म्हणाली. "कोन पळवतंय का त्याला?"

सारा हसली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या बाजूनं पोलकं भिजत होतं. तिनं ते भिजू दिलं.